बार्शीची मोजणी

२ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी साप्ताहिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या साप्ताहिकात एकदा तरी आपले नाव छापून यावे म्हणून जगभरचे डॉक्टर आयुष्यभर धडपडतात. निबंधात १,३१,७४६ स्त्रियांची माहिती होती, आणि त्या सगळ्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत राहणाऱ्या होत्या. शेतात राबणाऱ्या, मजुरीला जाणाऱ्या, बऱ्याच जणी शाळेची पायरी न चढलेल्या. या प्रचंड अभ्यासाचे केंद्र होते सोलापूर जिल्ह्यातले बार्शी. भगवंताचे मंदिर, ज्वारी-तुरीची बाजारपेठ आणि एकेकाळी कुर्डुवाडीहून येणारी लाईट रेल्वे यांसाठी आपण ज्याला ओळखतो, तेच हे तालुक्याचे गाव.

निबंधाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूसाठी तीस ते एकोणसाठ वयाच्या स्त्रीची एकदाच चाचणी केली आणि दोष सापडल्यास लगेच उपचार केले, तर या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. यादृच्छिक विभागणी करून केलेल्या चाचणीत एचपीव्ही तपासणीने मृत्यू कमी होतात, हे जगात प्रथमच दिसले होते. हा निष्कर्ष बार्शीतून का निघाला, हे समजून घेण्यासाठी आणखी बावीस वर्षे मागे जावे लागते. कारण या यशाची खरी पूर्वतयारी एका नोंदवहीत झाली होती.

साथरोगशास्त्र म्हटले की पटकी, प्लेग, कोरोना डोळ्यांसमोर येतात. त्याची व्याप्ती मात्र कितीतरी मोठी आहे. कोणता आजार कोणाला होतो, कुठे होतो, केव्हा होतो आणि का होतो, एवढे सगळे त्यात येते. जैवसांख्यिकी हा त्याचा उजवा हात. या दोन्ही शास्त्रांचा पाया शाळेतल्या अपूर्णांकाइतका साधा आहे : वर अंश, खाली छेद. अंशात आजारी माणसे, छेदात ज्यांना तो आजार होऊ शकतो अशी सगळी माणसे. हॉस्पिटलकडे अंश असतो, छेद नसतो. वर्षभरात शंभर रुग्ण आले, पण ते किती लोकसंख्येतून आले आणि किती जण आलेच नाहीत, हे हॉस्पिटलला सांगता येत नाही. म्हणून ठरावीक प्रदेशातल्या प्रत्येक कर्करोग्याची नोंद ठेवणारी लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी लागते. भारतात ती प्रथम १९६३ साली मुंबईत सुरू झाली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि बंगळूर, मद्रास ही शहरे त्यात आली. पण ही सगळी शहरेच. तेव्हा देशातले चारपैकी तीन लोक खेड्यात राहत होते आणि त्यांच्या कर्करोगाचा हिशेब कोणाजवळच नव्हता.

१९८७ साली बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास खेडी तिच्या कक्षेत होती. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. भगवान नेने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या संख्याशास्त्रज्ञ डॉ. कस्तुरी जयंत या दोघांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. जयंत यांनी त्याआधी मुंबईत तंबाखू चघळणे आणि ओढणे यांचा तोंडाच्या, घशाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगातला वाटा आकड्यांत मांडून दाखवला होता. शहरात रुग्ण हॉस्पिटलपर्यंत येतो, तिथे त्याचे कागद तयार होतात आणि नोंदणीवाल्यांना ते कागद उतरवून घेतले की भागते. खेड्यात कागदच नसतो. माणूस घरीच आजारी पडतो, घरीच जातो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून कोणी काय लिहिले असेल त्यावर विसंबता येत नाही.

म्हणून बार्शीने कागदाची वाट न पाहता माणसांच्या दारात जायचे ठरवले. प्रशिक्षित कार्यकर्ते ठरावीक काळाने प्रत्येक गावात जात. सरपंच, शिक्षक, दाई, दुकानदार, जो कोणी गावाची खबर राखतो त्याच्याशी बोलत. कर्करोगाची लक्षणे लोकांना समजतील अशा भाषेत सांगत, संशयित रुग्णांची यादी करत, आणि त्यांना समजावून बार्शीला तपासणीसाठी आणत. आपल्याकडची बाई दुखणे अंगावर काढते. पाळी बंद होऊन वर्षे लोटल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागले, दुर्गंधी येऊ लागली, तरी ती सासूला सांगत नाही, नवऱ्याला तर नाहीच. त्या बाईशी ओसरीवर बसून याविषयी बोलणे आणि तिला एसटीत बसवून बार्शीला आणणे हे साथरोगशास्त्राच्या पुस्तकात फार तर एका ओळीत येते, पण सगळी संख्याशास्त्रीय इमारत त्या ओळीवर उभी असते.

त्यात वय विचारायचे म्हणजे आणखी एक पेच. कर्करोगाचे प्रमाण वयाप्रमाणे झपाट्याने वाढते, त्यामुळे वय चुकले की दर चुकतो. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या माणसाचे वय काढण्यासाठी क्षेत्रीय अभ्यासात स्थानिक घटनांचे कॅलेंडर वापरतात. आपल्या भागात ते आपोआप तयार आहे. ‘रझाकाराच्या वेळी तुम्ही केवढ्या होता? पोलीस ॲक्शन आठवतंय का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता तेव्हा पदरात किती लेकरं होती?’ अशा तीनचार प्रश्नांत वय दोनचार वर्षांच्या फरकाने हाती लागते. नावांचाही असाच घोळ. माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे, एका गावात एकाच आडनावाच्या चार चार लक्ष्मीबाई. एकीची नोंद दुसरीच्या नावे पडली तर जिवंत बाई मृतांत जाईल. म्हणून नवऱ्याचे नाव, वाडी, घर यांच्या खुणा जुळवून प्रत्येक नोंद पक्की करावी लागते.

हा हिशेब लागला तेव्हा जे दिसले ते अनेकांना अनपेक्षित होते. बार्शीच्या खेड्यांतले कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी भरले. खेड्यात म्हातारी माणसे कमी म्हणून असे दिसते का, ही शंका साहजिक होती. तिचे निरसन वयप्रमाणीकरणाने होते. दोन्ही प्रदेशांतले वयोगटवार दर एकाच काल्पनिक लोकसंख्येला लावायचे आणि मग तुलना करायची. हे केल्यावरही फरक उरला. आणि कमी एकूण प्रमाणाच्या या खेड्यांत स्त्रियांमध्ये सर्वांत वर होता गर्भाशयमुखाचा, लोकभाषेत पिशवीच्या तोंडाचा कर्करोग. मुंबईत स्तनाचा कर्करोग पुढे निघून गेला होता, इथे अजून नाही. हा असा आजार आहे की पेशींमध्ये पहिला बिघाड झाल्यापासून कर्करोग व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे पकडण्यासाठी पुरेसा वेळ मिळतो, पकडणारे कोणी असले तर.

नोंदणीतून आणखी एक गोष्ट घडली, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत हृद्य वाटते. कार्यकर्ते मोजायला जात होते, उपचार करायला नव्हे. पण लक्षणे सांगत हिंडल्यामुळे काही वर्षांतच बायका आधीच्या टप्प्यात बार्शीला येऊ लागल्या. १९९५ साली जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी हे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले : महागड्या यंत्राशिवाय, नुसत्या जागृतीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान लवकर होऊ शकते.

या पायावर १९९९ च्या अखेरीस मोठी चाचणी सुरू झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचे हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लियाँ शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था असे तिघे एकत्र आले. खर्च बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनने उचलला. लियाँकडून धुरा होती डॉ. आर. शंकरनारायणन यांच्याकडे. प्रश्न सरळ होता : तीन तपासण्यांपैकी कोणती आपल्या खेड्यात जीव वाचवते? पहिली पॅप स्मिअर, म्हणजे पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिला तयार नजर लागते. दुसरी सर्वांत स्वस्त : गर्भाशयमुखाला चार टक्क्यांचे ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावायचे आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. तिसरी एचपीव्ही चाचणी, जी पेशींत विषाणूचे डीएनए शोधते. चौथ्या गटाला तपासणी नाही, प्रचलित आरोग्यसेवाच.

इथे संख्याशास्त्राचा एक सुंदर मुद्दा येतो. चिठ्ठी बाईची काढायची की गावाची? शेजारच्या दोन बायकांपैकी एकीला एक तपासणी आणि दुसरीला दुसरी असे केले तर पाणवठ्यावरच सगळी सरमिसळ होईल, रुसवे-फुगवे होतील, आणि आरोग्य कार्यकर्त्यांचे वेळापत्रक कोलमडेल. म्हणून जवळपास पाचशे गावांचे ५२ समूह पाडले गेले आणि चिठ्ठी समूहाची निघाली, प्रत्येक गटाला १३ समूह. पण याची किंमत मोजावी लागते. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच पातेल्यात शिजला असेल तरच. इथे पातेली ५२ होती. एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात : लग्नाचे वय, बाळंतपणे, दवाखान्याचे अंतर, नवऱ्यांचे स्थलांतर, सगळेच मिळतेजुळते. त्यामुळे एका गावातल्या हजार बायका हजार स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत. हा तोटा मोजायचे सूत्र आहे : एका समूहातल्या माणसांची संख्या वजा एक, त्याला समूहांतर्गत सहसंबंधाने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. इथे एका समूहात सरासरी अडीच हजार स्त्रिया होत्या. समजा हा सहसंबंध अवघा ०.०००५ आहे. तरी उत्तर सव्वादोनच्या आसपास येते, म्हणजे एरवी लागल्या असत्या त्याच्या सव्वादोन पट स्त्रिया हव्यात. चार दशांश स्थळांवरची एक क्षुल्लक संख्या अभ्यास दुपटीहून मोठा करते. सव्वालाखाहून अधिक बायका कशासाठी, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

तपासणी करायला शहरातून डॉक्टर आले नाहीत. नर्सबाईंना प्रशिक्षण देऊन तयार केले गेले आणि बार्शीला प्रयोगशाळा उभी राहिली. एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, त्यांपैकी २७,१९२ तपासणीला आल्या. जवळजवळ ऐंशी टक्के. आपल्या खेड्यात, आतून तपासणी करून घ्यायला, ज्यांना काही त्रास नाही अशा दहांतल्या आठ बायका येतात, याचे श्रेय आधीच्या बारा वर्षांत मिळवलेल्या विश्वासाला आहे असे मी मानतो.

आणि ज्या सुमारे सात हजार आल्याच नाहीत त्यांचे काय? विश्लेषणात त्याही एचपीव्ही गटातच धरल्या गेल्या. नवख्या वाचकाला हे विचित्र वाटेल. पण आलेल्या आणि न आलेल्या बायका सारख्या नसतात. येणारी थोडी जास्त शिकलेली, थोडी जास्त सावध असू शकते आणि तिची तब्येत तशीही बरी राहील. फक्त आलेल्यांचा हिशेब केला तर चिठ्ठी टाकून साधलेली समानता मोडते. म्हणून चिठ्ठीने जिला ज्या गटात घातले ती शेवटपर्यंत त्याच गटात. न आलेल्यांचे मृत्यूही आपल्या खात्यावर घेऊन जो फरक उरतो, तोच प्रामाणिक.

आठ वर्षांनंतरचा हिशेब असा. तपासणी नसलेल्या ३१,४८८ स्त्रियांत या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांत ३४. पुढच्या टप्प्यात पोहोचलेले कर्करोग पहिल्या गटात ८२, दुसऱ्यात ३९. गंमत अशी की एकूण कर्करोगांची संख्या एचपीव्ही गटात कमी नव्हती, उलट ११८ च्या तुलनेत १२७ होती. तपासणीने दडलेले कर्करोग उजेडात आणले, पण ते बरे होण्याजोगे असताना. म्हणूनच तपासणीचे यश ‘किती कर्करोग सापडले’ किंवा ‘निदानानंतर किती वर्षे जगल्या’ यावर मोजत नाहीत. निदान नुसते लवकर झाले तरी निदानानंतरची वर्षे वाढलेली दिसतात, मग बाई एक दिवसही जास्त जगलेली नसली तरी. मृत्यूंची तुलना या भ्रमाला फसत नाही.

मृत्यूंतली घट ४६ टक्के. शास्त्रज्ञांनी तिच्याबरोबर मर्यादाही दिल्या : खरी घट १० टक्क्यांपासून ६७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, असे ९५ टक्के विश्वासांतर. एवढ्या मोठ्या अभ्यासातही अंतर इतके रुंद का? कारण या दोन गटांत मिळून पासष्ट हजारांवर स्त्रिया असल्या तरी मृत्यू शंभराच्या आसपासच होते आणि अनिश्चितता ठरते ती घटनांच्या संख्येवर. पॅप स्मिअर आणि व्हिनेगरच्या गटांत अनुक्रमे ५४ आणि ५६ मृत्यू झाले. तपासणी नसलेल्या गटाशी असलेला त्यांचा फरक योगायोगाने पडला नसेल असे खात्रीने म्हणता आले नाही. व्हिनेगर मात्र एवढ्याने बाद झाले नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली, तेव्हा मृत्यूंत ३१ टक्के घट दिसली.

या अभ्यासावर कडक टीकाही झाली. अमेरिकेत पॅप स्मिअर कित्येक दशके प्रचलित असताना भारतातल्या तीस हजारांवर स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नीतीला धरून होते का, असा आक्षेप घेतला गेला. संशोधकांचे म्हणणे होते की भारताच्या खेड्यात तेव्हा कोणतीच संघटित तपासणी नव्हती, प्रचलित सेवा म्हणजे हेच वास्तव होते, आणि त्या स्त्रियांना आजाराची माहिती व सल्ला दिला होता. मला दोन्ही बाजू गंभीर वाटतात. तुलनेच्या गटाशिवाय उत्तर मिळाले नसते, आणि त्या गटातल्या ६४ मृत्यूंपैकी काही टळले असते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

याच बार्शीच्या वाट्याला पुढे आणखी एक शोध आला, तोही अडथळ्यातून. २००९ साली भारतातल्या नऊ केंद्रांवर एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीनच हवेत, हे पाहणारी चाचणी सुरू झाली. बार्शी त्यातले एक केंद्र होते. एप्रिल २०१० मध्ये, एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पावरून वाद उठल्यानंतर, सरकारने देशातल्या अशा सगळ्याच अभ्यासांतले लसीकरण थांबवले. तोवर १७,७२९ मुलींची नोंद झाली होती. कुणाला तीन डोस मिळाले होते, कुणाला दोन, आणि जवळपास पाच हजार मुलींना फक्त एक. अभ्यास मोडला असे समजून घरी जाता आले असते. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, निकाल आला : विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एकच डोस सुमारे ९५ टक्के प्रभावी. डोसांची ही विभागणी चिठ्ठीने झालेली नव्हती, त्यामुळे निष्कर्ष जपून काढावे लागले. पण केनियातल्या रीतसर चाचणीनेही तसेच दाखवले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला. गरीब देशांसाठी लशीचा खर्च त्यामुळे एका फटक्यात निम्म्यावर आला.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवले जाते. वैद्यकीय विद्यार्थी ‘पार्क’च्या जाडजूड पुस्तकातून साथरोगशास्त्र शिकतात, संख्याशास्त्राचे विद्यार्थी सूत्रे सोडवतात, आणि दोघांची गाठ पडते ती बहुधा प्रबंधाच्या वेळी. एमडीचा विद्यार्थी भरलेली एक्सेल शीट घेऊन संख्याशास्त्रज्ञाकडे येतो आणि विचारतो, ‘सर, यात पी व्हॅल्यू काढून द्याल का?’ तोवर उशीर झालेला असतो. रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली भारतातल्याच संख्याशास्त्र परिषदेत बजावले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे फार तर शवविच्छेदन करून घेणे. बार्शीत जयंत यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून टेबलाशी होत्या. दोन्ही शाखांच्या मुलांना एका वर्गात बसवून बार्शीचा निबंध ओळीने शिकवावा, असे मला मनापासून वाटते. समूह, विश्वासांतर, नीतीचा वाद, सगळे त्यात आहे, आणि गावे सत्तर-ऐंशी किलोमीटरवरची.

काम तर भरपूर पडले आहे. जागतिक आरोग्य संघटना आता तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी केलेली आढळली.

शेजारच्या बीड जिल्ह्यात तर छेदाचाच प्रश्न उभा आहे. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने तिथल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अशी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाचा कर्करोग सहसा होऊ शकत नाही, म्हणून बार्शीच्या चाचणीत अशा स्त्रियांना घेतले नव्हते. पण नोंदणीच्या छेदात मात्र जनगणनेतल्या सगळ्याच स्त्रिया येतात. त्यामुळे पिशव्या जितक्या जास्त काढल्या जातील तितका कर्करोगाचा दर कमी दिसेल, आणि ज्या स्त्रियांना अजून धोका आहे त्यांचा खरा दर झाकला जाईल. वयोगटवार शस्त्रक्रियांचे प्रमाण काढून हा छेद दुरुस्त करणे हा एका पीएचडीचा विषय आहे. त्यासाठी लागणाऱ्या बायका दर हंगामात सोलापूरच्या साखर कारखान्यांच्या तळांवर मुक्कामाला येतात.